खालच्या बर्थवरचा पासपोर्ट

१

सकाळी आधी काचेचा पेला फुटला, आणि त्याच्या पाठोपाठ गोजरबाईनं अशी किंकाळी फोडली की डब्यातले सगळे पडदे एकदम सरकले.

पेला फुटला तेव्हा मी तोंड धुऊन येत होते. अन्नपूर्णाबाई एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात कोमट पाण्याचा पेला घेऊन खालच्या बर्थच्या पडद्यापाशी वाकल्या होत्या. "अहो, उठा. बीपीची गोळी," असं म्हणाल्या. आतून गोजरबाईचं डोकं बाहेर आलं आणि पेला सुटला. गाडीनं झोका दिला असेल, असं मला वाटलं, कारण ती गाडी रात्रभर झोकेच देत होती.

गाडी जुनी. संध्याकाळी बँकॉकहून निघते आणि सकाळी मलेशियाच्या सरहद्दीवर नेऊन सोडते. मधून वाट आणि दोन्ही अंगाला खाली-वर बर्थ, गाडीच्या लांबीनं टाकलेल्या. आपल्याकडे साइड बर्थ असते ना, तसा सगळा डबाच. छताला कुरकुरणारे पंखे, चढायला शिडी, हिरवे जाड पडदे. अंधार पडला की गणवेशातला माणूस येतो, सीट ओढून पलंग करतो, चादरीला एक सुरकुती ठेवत नाही. टूरमधले बाकीचे लोक विमानानं थेट मलेशियाच्या राजधानीला गेले. मी हट्टानं गाडी धरली. नांदुऱ्याच्या फलाटावर उभं राहून आयुष्यभर गाड्या पाहिल्या, पण दुसऱ्या देशात जाणारी गाडी तिथं काही थांबत नाही.

मी कलाबाई, सोनाळ्याची माजी सरपंच. माझ्याबरोबर गाडीत आलेले चौघं. नांदुऱ्याजवळ भाजीपाला पिकवणारी गोजरबाई. लोणारचे भगवंतराव देशमुख आणि त्यांच्या मंडळी अन्नपूर्णाबाई. आणि टूर काढणारा गोकुळ, नांदुऱ्याचाच पोरगा.

"माही पिशवी!" गोजरबाई अंथरूण उपसत होती. "उशीखाली ठेवली होती वं बाई! पासपोर्ट हाये माहा त्याच्यात!"

गोकुळनं आम्हा सगळ्यांना गळ्यात अडकवायच्या एकसारख्या निळ्या पिशव्या दिल्या होत्या. दोरी टोचते म्हणून गोजरबाईनं रात्री ती काढून उशीखाली सारली होती. गळ्यातली पोत गळ्यात होती, हातातल्या पाटल्या हातात होत्या. गेली ती फक्त पिशवी.

गोकुळचा चेहरा पांढरा पडला. "पासपोर्ट नसला त बॉर्डरवरूनच परत पाठवतात, मावशी. मंग बँकॉकले वकिलातीत जा, नवीन कागद काढा. आठवडा त कुठीच नाही गेला."

गोजरबाई मटकन वाटेतच बसली. ती फिरायला आलीच नव्हती. तिची लेक पूनम मलेशियात पेनांगला दवाखान्यात भरती होती, आज-उद्या मोकळी होणार होती. पहिलं बाळ हाती लागलं नव्हतं आणि त्या वेळी आई जवळ नव्हती. कधी विमानात न बसलेली ही बाई या खेपेला पोहोचायचंच म्हणून घराबाहेर पडली होती.

मला ते बघवेना. मी पदर खोचला. "कोणी डब्याबाहेर जायाचं नाही," मी म्हटलं. "बॉर्डर यायच्या आत पिशवी सापडली नाही, त कलाबाई नाव सांगणार नाही मी."

"शोधायचं काय त्यात?" मागून भगवंतरावांचा आवाज आला. "चोर हा काय, समोर उभा आहे."

२

त्यांनी बोट दाखवलं ते प्रसितकडे. प्रसित म्हणजे आमचं अंथरूण घालणारा माणूस. चांगला पन्नाशीचा, हातात झाडू घेऊन फुटलेल्या काचा गोळा करत होता बिचारा.

"रात्री डब्यात जागं कोण होतं? हा. पडद्याला हात घालायची सवय कोणाला? यालाच." भगवंतराव उंचपुरे, आवाज शेताच्या पार दुसऱ्या बांधावर पोहोचेल असा. त्यांनी सरळ प्रसितची कॉलर धरली. "सरहद्दीच्या आधीचं हाट याय स्टेशन येऊ द्या. पोलिसाच्या हवाली करतो."

प्रसितला शब्द कळले नाहीत, पण कॉलर धरल्यावर कोणाला काय कळायचं राहतं? त्यानं हात जोडले. माझं डोकं सणकलं.

"सोडा त्याले."

"सरपंचबाई, तुम्ही मधे पडू नका."

"मधेच पडते मी. जल्मभर तेच केलं. सोनाळ्यात मोटारीचं स्टार्टर चोरीले गेलं तवा बी लोकायनं बाहेरगावच्या मजुरालेच धरलं होतं. निघालं कोणाच्या घरी? मालकाच्या साळ्याच्या! सोडा म्हणते ना."

त्यांनी सोडलं. झडती घ्यायची तर सगळ्यांची घ्यायची, असं मी ठरवून टाकलं आणि पहिली माझीच बॅग वाटेत उलटी केली. लुगडी, ठेच्याची बाटली, दशम्यांचं फडकं, सगळं जगानं पाहिलं. मग गोकुळची सॅक. मग प्रसितचं कपाट, त्यात इस्त्रीच्या चादरी आणि त्याचा जेवणाचा डबा. मग देशमुखांच्या बॅगा.

त्यांच्या सामानात तळाशी पितळी कडीची एक लाकडी पेटी निघाली. तिच्यात त्यांचा बाळकृष्ण. नवरा-बायको दोघंही घराबाहेर, मग पूजा कोण करणार? म्हणून देव बरोबर घेतलेला.

गोकुळनं हात पुढे केला तसे भगवंतराव गरजले, "हात लावू नको! कोणाची आंघोळ झाली आहे इथं? हॉटेलात आंघोळ झाल्याशिवाय मी स्वतः नाही उघडत."

"राहू द्या वं," गोजरबाई रडता रडता म्हणाली. "देवाले कायले हात लावता?" तिनं पेटीला हात जोडले. मीही जोडले, खोटं कशाला बोलू.

पिशवी कुठेच निघाली नाही. खिडकीबाहेर रबराच्या झाडांच्या रांगा पळत होत्या आणि सरहद्द जवळ येत होती. तेवढ्यात गोकुळचा फोन वाजला. पेनांगहून गोजरबाईचा जावई शिवम बोलत होता. गोकुळनं ऐकलं, फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "पूनमताईच्या कळा सुरू झाल्या."

३

रडारड करायला वेळ नव्हता. मी गोजरबाईच्या बर्थवर जाऊन बसले आणि नीट पाहायला लागले. गावात कुठं काही गेलं की मी माणसांना विचारायच्या आधी जागा पाहत असे. माणूस फिरवून बोलतो, जागेला फिरवून बोलता येत नाही.

"गोजरबाई, उशी कुठी होती?"

"हे काय इथी." तिनं इंजिनाकडच्या टोकाला हात लावला.

"प्रसितनं इथीच ठेवली होती?"

"नाही नाही. त्यानं तिकडल्या टोकाले ठेवली होती. मीच बदलवली, पडदा लावल्यावर. देशमुख दादानं जेवताना सांगतलं होतं ना!"

ते मलाही आठवलं. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या डब्यात, उघड्या खिडकीतून भणाण वारा येत असताना, भगवंतरावांनी मोबाइलमधलं होकायंत्र काढून आम्हाला भाषणच दिलं होतं. गाडी चालली दक्षिणेला. अंथरूणवाला उशी ठेवतो मागच्या टोकाला. म्हणजे पाय होतात दक्षिणेकडे, यमाच्या दिशेला. मेलेल्या माणसाला तसं निजवतात, जित्या माणसानं तसं निजू नये. सगळ्यांनी उशा फिरवून घ्या. गोकुळ तोंड फिरवून हसला होता. पण झोपताना त्यानंही उशी फिरवली, मीही फिरवली. एवढ्या परक्या मुलुखात यमाला पाय दाखवायची हिंमत कोणाची आहे?

मी प्रसितला बोलावलं. गोकुळनं मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, उशी तू कुठं ठेवतोस? तो म्हणाला, नेहमी मागच्या टोकाला. गाडीनं ब्रेक मारला तर डोकं आपटत नाही. आमच्या लोकांनी उशा फिरवल्या हे ऐकून त्याला नवलच वाटलं. पडदे लागल्यावर तो कशाला बघायला येतो!

आता त्या मागच्या टोकाला रात्री काय होतं? गोजरबाईचे पाय, आणि पायांशी पूनमसाठी आणलेले डिंकाच्या लाडवांचे डबे, एकावर एक. पडद्याचं ते टोक तिनं डब्यांच्या गाठोड्याला बांधून टाकलं होतं. गाठ तशीच होती, डबे तसेच होते. प्रसित असो नाहीतर डब्यातला दुसरा कोणी परका असो, पिशवी चोरायला तो उशी जिथं असायला हवी तिथंच गेला असता. डबे कोसळून सगळी गाडी जागी झाली असती. पण हात आला होता बरोब्बर दुसऱ्या टोकानं, इंजिनाकडून, जिथं खरंच उशी होती.

ते फक्त आम्हाला ठाऊक होतं. चोर आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलाच होता.

४

पहिल्यांदा मी भगवंतरावांनाच धरलं. ते खिडकीशी बसून घड्याळ पाहत होते.

"रातच्याले काही चाहूल लागली तुम्हाले?"

"नाही. वर गाढ झोपलो होतो मी."

"वर?" मी म्हटलं. "तुमची त खालची जागा होती ना? काल तुमी तिथीच बसले होते."

ते चपापले. "मला खाली गुदमरतं. वर गेलो. त्यात काय एवढं?" आणि तोंड खिडकीकडे. आता वरच्या बर्थवर डोकं छताला लागतं आणि पंखा कानात कुरकुरतो. गुदमरायचं तर माणूस तिथं गुदमरेल. हे खोटं बोलत होते, पण कशाला?

अन्नपूर्णाबाई समोरच्या बर्थवर बसल्या होत्या. "मला काहीच माहीत नाही हो ताई," त्या म्हणाल्या. "जेवून आल्यावर गाडी लागते म्हणून गोळी घेतली आणि सगळ्यांच्या आधी पडदा लावून घेतला." कालपर्यंत याच बाईनं गोजरबाईला स्वतःच्या डब्यातल्या पुरणपोळ्या खाऊ घातल्या होत्या, पूनमच्या बाळासाठी कुंची शिवून देईन म्हणाल्या होत्या. आज त्या तिच्याकडे मान वर करून पाहत नव्हत्या.

राहिला गोकुळ. त्याला मी दोन डब्यांच्या मधल्या जागेत ओढलं. तिथं चाकांचा आवाज इतका की कानाशी लागून बोलावं लागतं.

"गोकुळ, खरं सांगजो बे. काल बँकॉकच्या स्टेशनावर तू गोजरबाईवर वसकन ओरडला होता ना?"

"ओरडलो मावशी. थे गर्दीत हरपली होती, माहा जीव गेलता. पण तिचा पासपोर्ट चोरून मी काय करू? माह्या टूरची बदनामी होईल ना बे... म्हंजे, मावशी!"

"बरं, देशमुख वर काऊन झोपले?"

गोकुळ घुटमळला. "कोणाले सांगू नोको म्हणे थे. गोजरबाईची जागा वरची होती. तिचे गुडघे कामातून गेलेले. शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच रडायले लागली बिचारी. त देशमुख साहेब उठले, म्हणे, 'तुम्ही खाली निजा बाई,' अन् सोता वर चढून गेले. मले म्हणे, 'कुठं बोलायचं नाही.'"

वाघाच्या कातड्यात असा माणूस होता तर! चांगलं केलं म्हणून कोणी पाहील याचीच लाज.

"तवा तिथी कोण कोण होतं?"

"मी, थे अन् गोजरबाई. तुमी घोरत होत्या. काकूचा पडदा कवाचाच लागला होता."

"अन् हे दोघं नवरा-बायको मलेशियात पाह्याले काय चालले? रस्त्यात एका देवळाकडं त मान वर करून पाह्यलं नाही त्यायनं."

गोकुळनं आजूबाजूला पाहिलं. "तुमच्यापासून काय लपवू? साहेबायनं जायाची दोन तिकिटं काढली. यायची तीन. तिसरं त्यायच्या पोरीचं, अर्पिताचं. थे तिथी इपोह गावात नोकरी करते. अन् आज दुपारी तिचं लगन हाये, तिथल्याच एका तमिळ पोट्ट्यासंग."

"बोलावणं हाये?"

"कायचं बोलावणं! पोरीले मांडवातून उचलून आणाले चालले थे."

मी दांडी धरून उभी राहिले. आता मला पिशवी दिसत होती.

५

बघा कसं ते. चोराला उशी फिरवलेली ठाऊक होती, म्हणजे चोर आमच्यातला. पण गोजरबाईचा पासपोर्ट घेऊन आमच्यातल्या कोणाचंच काही भलं होत नव्हतं. म्हणजे चोर गोजरबाईच्या उशीला हात घालायला गेलाच नव्हता. तो गेला होता भगवंतरावांच्या उशीला. जागा बदलल्याचं त्याला माहीतच नव्हतं.

जागा बदललेली कोणाला माहीत नव्हती? गोकुळला माहीत होती. गोजरबाईला आणि खुद्द भगवंतरावांना माहीत होती. उरलो आम्ही दोघी. मी चोरी केली नाही एवढं मला पक्कं ठाऊक होतं. आणि सकाळी नवऱ्याला गोळी द्यायला त्या खालच्याच बर्थपाशी कोण वाकलं होतं? गाडीच्या झोक्यानं पेला पडला नव्हता. नवऱ्याच्या जागी गोजरबाईचं डोकं पाहून पडला होता.

मी अन्नपूर्णाबाईंना बेसिनपाशी बोलावलं.

"झडतीत सगळं उघडलं आपण," मी म्हटलं. "एक पेटी सोडून. तिले कोणी हात लावणार नाही हे तुम्हाले माहीत होतं. अन् बिगर आंघोळीच्या हातानं देवाची पेटी उघडताना तुमच्या जिवावर किती आलं असंल, थे मले माहीत हाये."

त्यांनी बेसिनचा काठ धरला आणि त्यांना हुंदका फुटला.

"एक दिवस पाहिजे होता हो ताई मला," त्या म्हणाल्या. "फक्त आजचा. यांचा पासपोर्ट नसला की यांना सरहद्दीवर अडवतील, तोवर पोरीचं लग्न लागून जाईल. अंधारात हाताला निळी पिशवी लागली. उघडून पाहायची हिंमत झाली नाही, तशीच पेटीत टाकली. आणि सकाळी पडद्यातून गोजरबाई!"

"मंग लगेच काऊन नाही देली?"

"द्यायलाच निघाले होते. पण ती किंचाळली, हे उठले, यांनी त्या माणसाची कॉलर धरली. यांच्यासमोर पेटी कशी उघडू? काय सांगू? पंचवीस वर्षांत मी यांच्यासमोर मोठ्यानं शिंकले नाही."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. "तुमच्या पोरीचं लगन आज हाये, अन् तिच्या पोरीचं बाळंतपण बी आजच हाये," मी म्हटलं. "आपली तारायले दुसरीची बुडवाची? कळा सुरू झाल्या तिले. ऐकलं ना तुमी?"

"ऐकलं."

"मी पेटी उघडली त तुमी चोर ठरता. तुमी सोता उघडली त तुमचं म्हणणं त्यायले ऐकाच लागंल. हाट याय आलंच पाहा. मी काही दम धरणार नाही."

गाडीचा वेग कमी व्हायला लागला. अन्नपूर्णाबाईंनी तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि माझ्याआधी चालायला लागल्या.

६

हाट यायच्या फलाटावर पोलीस दिसताच भगवंतराव उठले. "कुठं आहे तो अंथरूणवाला?"

"खाली बसा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

त्या आवाजानं ते खरंच बसले. अन्नपूर्णाबाईंनी पेटी मांडीवर घेतली आणि कडी काढली.

"अगं! आंघोळ नाही केली तू!"

"रात्रीही केली नव्हती." त्यांनी बाळकृष्णाच्या मागून निळी पिशवी काढली आणि गोजरबाईच्या हातात दिली. "बाई, चोरी मी केली. मला माफ करू नका, पण हे घ्या. मला यांचा पासपोर्ट घ्यायचा होता. अर्पिताचं लग्न लागेपर्यंत यांनी पोहोचू नये म्हणून."

प्रसित चादरीची घडी हातात धरून उभा राहिला. भगवंतरावांचा चेहरा आधी काळवंडला, मग लाल झाला, आणि त्यांचा हात उचलला गेला. मी पुढे सरकणार, तर माझ्याआधी गोजरबाई मध्ये उभी राहिली. तिनं पिशवी छातीशी दोन्ही हातांनी धरली होती.

"दादा, तुमी मले रातच्याले खाली जागा देल्ली. म्हून बोलते, नाहीतर तुमच्यासमोर बोलाची माही काय पत?" ती म्हणाली. "माह्या पूनमनं बी असंच लगन केलं होतं, आपल्या मनानं. आमच्या मालकानं, कडूबानं, दार लावून घेतलं. म्हणे, पोरगी मेली आपल्याले. मी त्यायच्या शब्दाभाईर नाही गेली. मंग तिच्या पहिल्या बाळंतपणात फोन आला. आई ये म्हणे, मले भेव लागून राह्यलं. मालक म्हणे, गेली त परत येऊ नोको. मी नाही गेली दादा. चुलीपाशी बसून राह्यली. लेकरू गेलं. पोरगी एकटीच होती."

गोजरबाईनं पदरानं डोळे पुसले.

"अन् पुढं मालक आजारी पडले, तवा काय म्हणत होते माहीत हाये? पूनम आली का, पूनम आली का. रात न् दिवस तेच. आता कुठून आणू मी पूनम? त्यायच्यापायी आमी दोघं बी तिच्याविना राह्यलो, अन् थे गेले बी तिच्याविनाच. तुमी पाहा तुमचं. काकूवर हात टाकू नोका पण."

त्यांचा हात केव्हाच खाली आला होता. ते कितीतरी वेळ त्या उघड्या पेटीकडे पाहत राहिले. गाडी पुन्हा सुटली.

"प्रसितचं काय?" मी विचारलं. मला सोडवत नाही, स्वभावच आहे. "त्याची कॉलर धरली होती तुमी."

ते उठले, प्रसितपुढे जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. प्रसितनंही जोडले. दोघांनाही पुढं काय बोलावं ते कळेना, मग प्रसितनं त्यांना चहा आणून दिला.

सरहद्दीवर गोजरबाईचा नंबर लागला. खिडकीतल्या बाईनं पासपोर्ट उलटसुलट पाहिला, गोजरबाईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बोटांचे ठसे घेऊन सोडून दिलं. गोजरबाई पलीकडे गेली आणि तिथंच उभी राहून रडायला लागली.

स्टेशनाबाहेर एक ड्रायव्हर देशमुखांच्या नावाचा पुठ्ठा घेऊन उभा होता. भगवंतरावांनी इपोहला थेट जायला गाडी सांगून ठेवली होती. पेनांगला जाणारी आमची रेल्वे दुपारची होती. गोकुळ इकडून तिकडे टॅक्सी शोधत पळत होता, आणि एकही मिळत नव्हती.

भगवंतरावांनी गाडीचं दार उघडलं. "बसा गोजरबाई." मग ड्रायव्हरला मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "पहिले हॉस्पिटल. पेनांग."

ड्रायव्हर म्हणाला, साहेब, पेनांग बेटावर आहे. पूल ओलांडून आत जायचं, परत यायचं. इपोहला दुपारी नाही पोहोचणार तुम्ही. त्यानं बोटानं घड्याळ दाखवलं.

"कळलं मला," भगवंतराव म्हणाले. "पहिले हॉस्पिटल."

अन्नपूर्णाबाईंनी माझा हात एकदा घट्ट दाबला आणि गोजरबाईच्या शेजारी जाऊन बसल्या. लाडवांचे डबे भगवंतरावांनी स्वतः उचलून डिकीत ठेवले.

गोजरबाईचा फोन आला तेव्हा आम्ही रेल्वेत होतो. तिला धड बोलता येत नव्हतं. "पोरगी झाली वं कलाबाई! मी पोचली तवा तिले आत नेत होते. माहा हात धरला तिनं. सोडतच नव्हती." मी एवढी कडक बाई, पण गोकुळसमोर ढसाढसा रडले. तो बे बे करत पाणी शोधायला गेला.

अन्नपूर्णाबाईंचा फोन संध्याकाळी आला. लग्न लागून गेलं होतं. सह्या झाल्या होत्या, हार घालून झाले होते.

"अन् देशमुख?"

"काही बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. "अर्पिताशी नाही, जावयाशी नाही. दारात उभे होते नुसते."

"मंग?"

"जावई आले आणि यांच्या हातावर पाणी घातलं. मग हे आत जाऊन पंगतीला बसले. केळीच्या पानावर भात वाढला होता. जेवले हो ताई. पोरीच्या घरी पोटभर जेवले."

"बस झालं मंग," मी म्हटलं. "बोलतीन उद्या."